डाव्या फाट्याने लवकर पोहोचतो

२७ ऑक्टोबर, संध्याकाळ. जहाजावर.

मग कोंबड्यांना मका टाकला, राख काढून चूल पेटवली, कच्ची केळी उकडायला ठेवली. त्याचे शर्ट रात्रीच भिजवले होते. ते घासून दोरीवर घातले. कॉलरचा डाग निघाला नाही. अंगण झाडत त्याच्या टांगत्या झोळीपर्यंत आले आणि म्हटलं, पाय वर घे. होनोरातोने पाय वर घेतले. झोळीखालचं झाडून घेतलं. केळी सोलली, मीठ घालून ठेचली, हाक मारली. आला नाही. पुन्हा हाक मारली, जरा चिडूनच.

हे सगळं मी इथे का लिहिलं कळत नाही. बसले होते जहाजाबद्दल लिहायला. तीन वर्षं झाली त्या सकाळीला आणि मी आता पूर्ण सावरले आहे. लिमा शहरात राहणाऱ्या मुलीलाही फोनवर हेच सांगते. ती म्हणते, "हो, मम्मा." म्हणजे तिलाही पटलं आहे.

तर जहाज. 'ग्वाकामाया' नाव. टुरिस्ट लोकांचं. होनोरातोने आयुष्यभर हेच चालवलं, पण मी कधी यात झोपले नव्हते. मॅनेजर स्वतः, अगदी मानाने 'दोन्या' लावून म्हणाला, "दोन्या एदेल्मिरा, एक बिछाना रिकामा आहे. आमच्या जुन्या तांडेलाच्या बायकोला आम्ही नाही म्हणणार का?" नेहमीच्या लाँचने एका रात्रीत पोहोचले असते, पण तिथे आपली झोळी आपण टांगायची, शेजारी डुकरं, पायाशी गॅसच्या टाक्या. इथे पांढरी चादर आहे. पंखा आहे.

काम एकच. एक तारखेला संध्याकाळी सांता एलेना गावच्या दफनभूमीत होनोरातोच्या क्रॉससमोर मेणबत्त्या लावायच्या. मागच्या वर्षी मुलीच्या बाळंतपणामुळे चुकलं. लागोपाठ दोन वर्षं मेणबत्ती लागली नाही तर मेलेला माणूस घर विसरतो, असं आमच्याकडे मानतात. मी असलं काही मानत नाही. पण जाणार आहे.

जहाज एक तारखेला तिथे थांबणार हे प्रोग्राममध्ये छापलेलं आहे: 'गावभेट व लोकनृत्य'. छापलेलं आहे म्हणजे प्रश्नच मिटला.

ठरवलं आहे की या प्रवासात पाहुणीसारखं राहायचं. स्वयंपाकघरात डोकवायचं नाही. सुकाणूच्या खोलीत तर पाऊलही टाकायचं नाही, तिथे आता हिल्मर आहे, होनोरातोच्या हाताखाली शिकलेला. त्याला त्याचं काम करू द्यायचं. जाड पुस्तक आणलं आहे, रशियाच्या कुठल्याशा राणीचं, मुखपृष्ठ नसलेलं. टुरिस्ट लोक जहाजावर पुस्तकं विसरून जायचे आणि होनोरातो ती मला आणून द्यायचा. मी वाचायला शिकले ती अशीच, लोकांनी अर्धवट टाकलेल्या पुस्तकांवर. हे पूर्ण करायचं.

नणंदेला फोन केला नाही. नोल्बेर्ता सांता एलेनातच राहते. मे महिन्यात पुराच्या वेळी तिचा फोन आला होता की दफनभूमीची कड नदीने नेली. नोल्बेर्ताला गांडूळ दिसलं तरी ती अजगर सांगते. कड गेली असेल. होनोरातोचा क्रॉस कडेला नाहीच. नीरफणसाच्या झाडाजवळ, चांगला आत. जागा मी स्वतः निवडली होती.

२८ ऑक्टोबर

स्वयंपाकघरात गेले नाही. दारात उभी राहिले.

स्वयंपाकीण सोइला युकाचे कंद सोलत होती. इतकी जाड साल काढत होती की अर्धा युका नदीत. मी फक्त एवढंच म्हटलं की सुरी जरा तिरकी धर. ती म्हणाली, "मावशी, आता कळलं होनोरातो काका महिना महिना नदीवर का राहायचे." दोघीही हसलो. मग सुरी हातात घेतली, तीही फक्त दाखवायला. जेवायची घंटा झाली तेव्हा सगळे युका माझेच सोलून झाले होते. उद्यापासून दारातही नाही.

केबिनमध्ये माझ्याबरोबर सेन्योरा हानेलोरे आहे. जर्मनीची, शाळेत शिकवायची. आपली भाषा कॅसेट ऐकून शिकली आहे, त्यामुळे तिला "स्टेशन कुठे आहे" हे फार सुंदर म्हणता येतं. गळ्यात दुर्बीण. ती झोपतानाही काढत नाही. बाईचं घोरणं म्हणजे जुनं डिझेल इंजिन. दोन बिछान्यांमध्ये एक माणूस तिरपा उभा राहील एवढीच जागा, खिडकी उघडत नाही, दार उघडलं की डास. मला काही त्रास नाही. बंद जागेची मला सवय आहे. रात्री थोडा वेळ डेकवर उभी राहिले, हवा चांगली होती म्हणून.

सकाळी जहाज एका झाडाखाली थांबलं. वर एक आळशी प्राणी लटकला होता. त्याने मान फिरवेपर्यंत थांबलो. त्याने फिरवली. टाळ्या झाल्या. मग त्याने परत फिरवावी म्हणून थांबलो.

गाइडचं नाव उसीएल. पोरगा हुशार, पण अमुक वेळेला अमुक ठिकाणी पोहोचायचं असतं हे त्याला ठाऊकच नाही. मी विचारलं, "उसीएल, एक तारखेला सांता एलेना नक्की ना?" "मावशी, काळजीच नको." काळजी मला नाहीच. तो मला टुरिस्ट लोकांपुढे घेऊन गेला आणि त्यांच्या भाषेत बरंच काही बोलला. सगळ्यांनी माझे फोटो काढले. होनोरातोचं नाव अजून निघतं हे पाहून बरं वाटलं. नंतर सोइला म्हणाली की त्याने सांगितलं, ही खरी नदीकाठची बाई, हिचे हात बघा.

राणीचं पुस्तक उघडलं. प्रस्तावना आहे.

२९ ऑक्टोबर, दुपार

फार उशीर होत चालला आहे. काल आळशी प्राणी, आज सकाळी पिरान्या पकडणं. टुरिस्ट लोक एवढा खटाटोप करून पिरान्या पकडतात आणि परत पाण्यात सोडतात. सोइलाचे डोळे भरून आले. "मावशी, तळली असती ना." मग गुलाबी डॉल्फिन. डॉल्फिन आले नाहीत, तर ते येईपर्यंत थांबलो.

संध्याकाळपर्यंत बेटाच्या फाट्याशी पोहोचू. तिथे नदी दुभंगते. हिल्मरने शहाणपणा केला तर आज रात्रीच बराचसा वेळ भरून निघेल. सांगायला जाणार नाही. ठरवलं आहे ते ठरवलं.

२९ ऑक्टोबर, दिवे लागण्याच्या सुमारास

सुकाणूच्या खोलीत गेले, पण आत नाही. उंबरठ्यावर.

हिल्मर चाक उजवीकडे वळवत होता. मी सहज विचारलं, "उजवीकडे कुठे?" तो म्हणाला, "मावशी, डाव्या फाट्यात आता कोणी जात नाही. यंदा सगळं पाणी उजवीकडून वाहतंय." मी म्हटलं, कोण म्हणतं? म्हणाला, "नदीच म्हणते." ही आजकालच्या पोरांची उत्तरं. मी म्हटलं, तुझा गुरू डाव्या फाट्याने जायचा. दिवसा, रात्री, धुक्यात. अर्धा दिवस वाचायचा. होनोरातोला या फाट्यातलं प्रत्येक ओंडका नावानिशी ठाऊक होता. हिल्मर म्हणाला, "तेव्हाची गोष्ट वेगळी होती, मावशी." मी म्हटलं, "म्हणजे त्याला येत नव्हतं, असं म्हणतोस?"

त्याने टोपी काढली. परत घातली. मग चाक डावीकडे फिरवलं.

मी त्याला सांगितलं नाही. विचारलं फक्त.

२९ ऑक्टोबर, जेवणानंतर

जहाज थांबलं आहे. थांबताना सगळ्या ताटल्या एका बाजूला गेल्या. इंजिनाचं काहीतरी असावं.

३० ऑक्टोबर

इंजिन चांगलं आहे. वाळू आहे.

पहाटे बाहेर येऊन पाहिलं तर जहाजाच्या तिन्ही बाजूंना पिवळी वाळू, त्यावर पक्षी फिरत होते, आणि आम्ही मधोमध, तबकात ठेवलेल्या केकसारखे. मागच्या बाजूला थोडं पाणी. खलाशी त्यात उतरला. गुडघ्यापर्यंत.

माझ्या मते हिल्मरने डावीकडे घेताना जरा जास्तच डावीकडे घेतलं. होनोरातो मधून जायचा. शिवाय अंधार पडत होता. शिवाय जहाज पूर्वीपेक्षा जड आहे, वरच्या मजल्यावर त्यांनी काचेचा बार बसवला आहे. अशी बरीच कारणं आहेत. मी त्याला ही सगळी सांगायला गेले. तो बांबूने वाळू टोचत होता. म्हणाला, "मावशी, आज नको."

दिवसभर प्रयत्न. नांगर होडीतून लांब नेऊन टाकला आणि यंत्राने खेचला. नांगर जहाजाकडे आला. मग हिल्मरने सगळ्यांना डेकवर बोलावलं. सगळ्यांनी डाव्या कठड्याशी जायचं, मग धावत उजव्या, मग परत डाव्या, म्हणजे जहाज डोलून वाळूतून सुटतं. होनोरातोचीच युक्ती. टुरिस्ट लोकांना वाटलं हेच ते लोकनृत्य. उसीएलने गाणी लावली. हानेलोरे दुर्बिणीसकट धावत होती आणि प्रत्येक फेरीला "स्टेशन कुठे आहे!" असं ओरडत होती. तिला विनोद करता येतो हे मला माहीत नव्हतं. जहाज हललं नाही. सोइलाचा गुडघा मात्र हलला.

हे टुरिस्ट लोक फार खूश आहेत. वाळूवर उतरून फिरतात, पावलांचे फोटो काढतात. एक मगर दिसली, तर त्यांनी उसीएलचे आभार मानले. कोणालाही कुठे जायचं नाही. अख्ख्या जहाजावर पोहोचायचं आहे ते एकट्या मला.

दिलासा एवढाच की वरच्या डोंगरांत पाऊस झाला की पाणी चढेल. नोव्हेंबर लागतोच आहे. परवा म्हणजे एक तारीख. आज रात्री पाऊस, उद्या पाणी, परवा दुपारी गाव. हिशोब अगदी बरोबर बसतो.

प्रस्तावना चालू आहे.

३१ ऑक्टोबर

पाऊस नाही. पाणी उलट बोटभर उतरलं आहे.

केबिनमध्ये बसवत नाही आणि बाहेर कोणाला तोंड दाखवावंसं वाटत नाही. वाटत नाही म्हणजे ऊन फार आहे. खलाशी मला पाहून शिट्टी थांबवतात. हिल्मर नमस्कार करतो, पण मान वर न करता. नवरा गेला तेव्हाही लोक असेच वागत होते. मला पाहिलं की आवाज खाली.

दहाच्या सुमाराला मोटर लावलेली एक होडी फाट्याच्या तोंडाशी आली. आत कलिंगडं, वर एक म्हातारा. त्याने लांबूनच ओरडून विचारलं, "अरे, इथे कोणत्या शहाण्याने घातलं हे?" कोणी उत्तर दिलं नाही. सगळे सभ्य आहेत.

उसीएल मला बोलवायला धावत आला. "मावशी, हे एलेउतेरियो काका. सांता एलेनावरूनच जाणार आहेत. तुम्हाला नेतील. उद्या दुपारी तिथे!" सोइलाने तर माझी पिशवीही आणली, मेणबत्त्या त्यातच होत्या. मी वाळूवरून होडीपर्यंत गेले. म्हातारा भला माणूस. "बसा, दोन्या, कलिंगडांवर बसा. माझ्या बायकोपेक्षा मऊ आहेत." विचारलं, कोणाकडे? मी म्हटलं, दफनभूमीत. नवरा आहे. तो म्हणाला, "सांता एलेनाची दफनभूमी? ती जुनी? पण दोन्या, ती तर—"

मी म्हटलं, तुमच्या होडीची कड पाण्याच्या फार जवळ आहे. तो म्हणाला, कड नेहमी पाण्याजवळच असते. मी म्हटलं, मोटरचा आवाजही बरोबर नाही. आणि माझ्या वजनाने कलिंगडं दबतील, तुमचं नुकसान. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सोइलाकडे. "बरं," म्हणाला. सोइलाला एक कलिंगड दिलं आणि गेला.

सोइलाने पिशवी परत उचलली. वाळूवरून येताना म्हणाली, "मावशी, का नाही गेलात?"

"होडी धड नव्हती."

"त्या होडीत गेल्या आठवड्यात एक म्हैस गेली असेल."

"मग म्हशीचं नशीब."

 कलिंगड चांगलं निघालं. मी खाल्लं नाही, पोट जड होतं.

माझा निर्णय योग्य होता. जहाज उद्या निघेलच, मग पांढऱ्या चादरीवरून जायचं सोडून कलिंगडांवरून कशाला.

१ नोव्हेंबर

सकाळपासून कपडे घालून तयार बसले आहे. काळा ब्लाउज. इथे इस्त्री नाही, तर गादीखाली ठेवून झोपले होते.

दुपारी लिमाहून मुलीचा फोन. इथे नेटवर्क येतं हे मला ठाऊक नव्हतं. "मम्मा, पोहोचलीस?" मी म्हटलं, जवळच आहे. ते खरं आहे. नकाशावर पाहिलं तर बोटाच्या एका पेराइतकं.  मग म्हणाली, "मम्मा, आत्याने मला पण फोन केला होता मे महिन्यात." मी म्हटलं, आत्याला काय, तिला गांडूळ दिसलं तरी... ती म्हणाली, "मम्मा." मी म्हटलं, आवाज तुटतोय, आणि बंद केला. आवाज खरंच तुटत होता. कोणाचा, ते लिहीत नाही.

संध्याकाळी सोइलाने सार्डिनच्या डब्यात आपल्या आईसाठी मेणबत्ती लावली, स्वयंपाकघरात, कपाटाच्या आडोशाला. जहाजावर लावायची नसते, पण आज हिल्मरने त्या बाजूला पाहिलं नाही. मला म्हणाली, "मावशी, डबा मोठा आहे. काकांचीही लावा. आत दोघं मावतील." मी म्हटलं, माझ्या मेणबत्त्या क्रॉससमोर लावायच्या आहेत, माशाच्या डब्यात नाही. ती म्हणाली, "काका वास घेत बसणारे नव्हते." ते खरं. पण मी लावली नाही. जागा चुकीची असली तर काय उपयोग. त्याला कसं कळणार मी कुठे आहे.

हानेलोरे केबिनमध्ये माझ्या शेजारी बसली. दुर्बीण पहिल्यांदाच काढून ठेवली होती. काळ्या ब्लाउजकडे बोट दाखवून विचारलं, कोण? मी म्हटलं, कोणी नाही, प्रवासाला आले आहे. मग तीच सांगू लागली. तिचाही नवरा. तिच्या गावी दफनभूमीत जागा मुदतीवर देतात. मुदत संपली की दगड काढून नेतात आणि जागा दुसऱ्याला. तिच्या नवऱ्याची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली. "आता तिथे एक दंतवैद्य आहे," ती म्हणाली. हसलीसुद्धा.

मला फार वाईट वाटलं तिच्यासाठी. इतकी शिकलेली माणसं, आणि मेल्यावरही भाडेकरू! आमच्याकडे असलं काही नाही. एकदा ठेवलं की ठेवलं. तिचा हात धरून मी तिला हे समजावलं. ती मान हलवत राहिली. बिचारीला सगळं कळलं नसावं.

मग तिने विचारलं, आता तुम्ही त्याच्याशी कुठे बोलता? मी म्हटलं, मी बोलत नाही. मी सावरले आहे.

डेकवर गेले. नदीच्या वरच्या अंगाला ढगांमागे वीज चमकत होती. आवाज नव्हता. या वेळेला सांता एलेनात सगळ्या क्रॉसपुढे मेणबत्त्या लागल्या असतील, मुलं मेणाचे गोळे करत असतील, पानात बांधलेला भात सोडून लोक जमिनीवर जेवत असतील. एकाच क्रॉसपुढे अंधार. नोल्बेर्ताला सुचलं तर लावेल, पण तिला सुचायचं नाही.

ही नोंद संपवते. डोळ्यांत डिझेलचा धूर गेला आहे. इंजिन बंद आहे, पण धूर राहतो बराच वेळ.

२ नोव्हेंबर

पहाटे जहाज हललं. वरच्या अंगाला पाऊस झाला आणि पाणी चढलं. मी म्हटलं होतं. फक्त दिवस चुकला.

सगळे डेकवर टाळ्या वाजवत होते. हिल्मरने जहाज मागे मागे घेत फाट्याच्या तोंडातून बाहेर काढलं, मग उजवीकडे वळवलं. उजवा फाटा रुंद, खोल, मोठमोठी झाडं त्यातून आरामात वाहत चालली होती. मी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण मुद्दाम नाही.

सुकाणूच्या खोलीपाशी गेले होते. या वेळी खरंच उंबरठ्यावरच. हिल्मरला म्हटलं, फाटा गेल्या तीन वर्षांत भरला असेल, त्याला होनोरातो काय करणार. तो म्हणाला, "काही नाही, मावशी. तो असता तर तोही उजवीकडूनच गेला असता." मी म्हटलं, तुला काय माहीत. तो म्हणाला, "दर वर्षी पहिल्या फेरीला मला पुढे बांबू घेऊन उभं करायचे आणि म्हणायचे, मागच्या वर्षीचं सगळं विसर."

हे होनोरातोने मला कधी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर तो नदीबद्दल बोलतच नसे. झोळीत पडून राहायचा.

मेणबत्त्या उद्या लावायच्या असं ठरवलं आहे. दोन-तीन दिवस इकडे तिकडे झाले तर चालतं. मेलेल्यांना कॅलेंडर नसतं.

५ नोव्हेंबर. सांता एलेना.

तीन तारखेला दुपारी पोहोचलो. टुरिस्ट लोक आधी उतरले. शाळेच्या पोरांनी पिसं लावून नाच केला, उसीएलने टाळ्या वाजवल्या. गावाचा धक्का पूर्वी होता तिथे नव्हता, बराच वर सरकवला आहे. नोल्बेर्ता काठावर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आलात वहिनी?" म्हणाली. "फोनवर तीनदा सांगितलं होतं."

मी म्हटलं, "तू ओरडतेस, मला ऐकू येत नाही."

"ओरडते म्हणून तर ऐकू यायला हवं."

मी म्हटलं, मला आधी दफनभूमीत जायचं आहे. क्रॉस आत आहे, नीरफणसाजवळ. ती वळली आणि पुढे चालू लागली. नोल्बेर्ता गप्प चालते आहे हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

नीरफणसाचं झाड आहे. त्याची अर्धी मुळं हवेत आहेत. झाडाच्या पलीकडे कड, कडेच्या खाली नदी. मी झाडापासून पावलं मोजायला लागले, कारण क्रॉस झाडाच्या अलीकडे असेल असं मला वाटलं. अलीकडे बाजारवाल्या तेनोरियोंचे क्रॉस होते. ते मला ठाऊक आहेत. मग म्हटलं, कदाचित जरा डावीकडे. नोल्बेर्ताने माझा दंड धरला. "वहिनी, डावीकडे नाही. पुढे जाऊ नका, माती भुसभुशीत आहे."

नदी अगदी साधी वाहत होती. एक ओंडका गेला, त्यावर बगळा बसला होता.

नोल्बेर्ताने सांगितलं की एका रात्रीत पूर्ण रांग गेली. तिची आई, दोन चुलते, होनोरातो. ज्यांची गेली त्या सगळ्यांनी एक तारखेला कडेला ओळीने मेणबत्त्या लावल्या, नदीकडे तोंड करून. जमिनीवर मेण होतं. "दादाची मी लावली. मग तुमच्या नावाचीही एक लावली, येत नाहीत म्हटल्यावर."

मी म्हटलं, "मी मेले नाही."

"मला काय माहीत. फोन बंद करता."

माझ्या मेणबत्त्याही तिथेच लावल्या. भर दुपार, वारा. एकही टिकली नाही. पुन्हा लावल्या, पुन्हा विझल्या. नोल्बेर्ता हाताचा आडोसा करत होती आणि वाऱ्याला शिव्या घालत होती. शेवटी काड्या संपल्या. मग मी खाली बसले आणि काय झालं ते लिहिता येत नाही. धूर नव्हता, ऊन नव्हतं. नोल्बेर्ताने पाठीवर हात फिरवला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आता बरं झालं. मला वाटलं होतं तुम्ही कोरड्याच परत जाणार."

हिल्मर मला न्यायला आला होता. त्याने नोल्बेर्ताला सांगितलं, "उशीर माझ्यामुळे झाला, दोन्या. वाळूवर मीच चढवलं." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, "नाही, डावीकडे मी नेलं." इतक्या सोप्या वाक्याला मला इतके दिवस का लागले कळत नाही. तो टोपी काढून उभा राहिला. मग म्हणाला, "मावशी, जहाज निघतंय. बिछाना आहे तुमचा."

मी म्हटलं, हानेलोरेला दोन्ही बिछाने वापरू दे.

भोंगा झाला. डेकवरून हानेलोरेने दुर्बिणीतून माझ्याकडे पाहिलं, इतक्या जवळून की दुर्बिणीची गरजच नव्हती, आणि हात हलवला. जहाज उजव्या बाजूने गेलं.

नोल्बेर्ताने मासा भाजला. रात्री झोळीत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मी नोल्बेर्ताबरोबर नदीने नव्याने टाकलेल्या वाळूवर गेले आणि पाणी चढायच्या आत तिने तिथे पेरलेल्या चवळीच्या शेंगा तोडल्या.